‘कंट्रोल’ला आता कोणी फोन करत नाही

आदरणीय ताई,

तुमचं सदर नेमाने वाचते. आज पहिल्यांदाच लिहिते आहे, तेही यांना न सांगता.

आमचे हे रेल्वेत होते. बडोद्यात प्रतापनगरला कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची, कधी सोडायची हे ठरवणारे. ३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली २१ कंट्रोलमध्ये. गेल्या वर्षी मे अखेरीला साठ पुरी झाली आणि घरी आले. पहिले दोन महिने छान गेले, आम्ही अक्कलकोट-गाणगापूर करून आलो. मग जे बसले ते बसलेच. सकाळी पेपर, मग टीव्ही, दुपारी झोप, संध्याकाळी मोबाइल. माळा आवरतो म्हणाले, मोडी लिपीतल्या कागदांची जुनी ट्रंक खाली काढली आणि तशीच दिवाणाखाली सारून ठेवली.

आता विसरायला लागलेत. खंडेराव मार्केटातून पाच जिन्नस सांगितले तर तीन येतात. ‘पेन्शन जमा झाली का’ हे एकाच सकाळी तीनदा विचारलं. परवा दूध गॅसवर ठेवून समोर उभे होते, ते उतू गेलं तरी नुसते बघत राहिले. पण कुठल्या स्टेशनात किती लूप (गाडी बाजूला घ्यायच्या लाइनी), कुठली गाडी कधी सुटायची, सगळं तोंडपाठ. शुगर बारा वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. झोप येत नाही म्हणून केमिस्टकडून गोळी आणतात, अर्धी घेतात. टीव्हीचा आवाज इतका असतो की शेजारच्या बेन येऊन सांगून गेल्या.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, बाबांनी जन्मभर रात्रपाळ्या केल्या, आता आराम करू दे. माझा भाऊ म्हणतो, मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ओळखीच्या कारखान्यात गेटवर रजिस्टरचं काम आहे, उद्यापासून लावून देतो. कुणाचं ऐकू? रिटायर झाल्याने डोकं खरंच मंदावतं का? मी यांना काही कमी पडू देत नाही हो. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देते.

– दांडिया बाजारातून एक गृहिणी

ताई,

तुमच्या पत्रात दुधापाशी मी थांबले. बाजारातून दोन जिन्नस आणायचे राहणं वेगळं. समोर दूध वर येताना दिसतं आहे आणि हात गॅसच्या बटणाकडे जात नाही, हे विसरणं नव्हे. माणूस तिथे उभा होता, पण तिथे नव्हता. त्याकडे येतेच.

तुम्ही दोन प्रश्न एकात गुंफलेत. निवृत्तीने डोकं मंदावतं का, हा एक. तुमच्या यजमानांचं कशाने मंदावलं आहे, हा दुसरा. दुसऱ्याचा शोध आधी घ्यायचा, कारण त्यात दिवस घालवणं परवडत नाही. तेव्हा याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि जाताना मला लिहिलंत ते सगळं एका कागदावर लिहून न्या. बारा वर्षांची शुगर, झोपेची गोळी, टीव्हीचा आवाज. तुम्हाला या तीन बारीकसारीक गोष्टी वाटल्या असतील. मला पत्रात सगळ्यात आधी त्याच दिसल्या.

शुगरच्या गोळ्यांत बहुतेकांना मेटफॉर्मिन असतं. ते वर्षानुवर्षं घेतलं की शरीरातलं बी-१२ उतरू शकतं, आणि घर शाकाहारी असेल तर मुळातच ते बेताचं असतं. बी-१२ कमी पडलं की विसर पडतो, माणूस सुस्तावतो, पायांना मुंग्या येतात. एका रक्ततपासणीत कळतं. त्याच रक्तात थायरॉइडही बघून घ्यायला सांगा, त्यानेही असंच होतं. ही दोन्ही कारणं औषधाने आटोक्यात येतात, म्हणून तर एवढं निक्षून सांगते आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही सात महिने फुकट घालवले. ज्यांच्याकडे आम्ही जायचो त्या डॉक्टरांनी ‘वय झालं, आता असंच चालायचं’ म्हणून दर वेळी परत पाठवलं, रक्त तपासलंच नाही. पुढे दुसऱ्यांनी तपासलं तेव्हा बी-१२ अगदी तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोनेक महिन्यांत अण्णा पुन्हा पोस्टाच्या पासबुकातली बेरीज तोंडी करायला लागले. ते सात महिने मला आजही टोचतात. तुम्हाला कोणी ‘वय झालं’ म्हणालं तर उठून येऊ नका, तपासणी लिहून मागा. साठी हे विसरायचं वय नाही.

झोपेच्या गोळीचं मला जास्त भय वाटतं. केमिस्टकडून अशा परभारे मिळणाऱ्या गोळ्या उतारवयात स्मरणशक्ती बोथट करतात, सकाळी डोकं जड ठेवतात, रात्री बाथरूमला जाताना तोल घालवतात. पण घाबरून आज रात्रीपासून बंदही करू नका. रोजची सवय असलेली अशी गोळी एकदम तोडली तर त्रास होतो, ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवावी लागते. आणि झोप का येत नाही हेही बघा. २१ वर्षं पाळ्या बदलत राहिलेल्या शरीराला रात्र आणि दिवस नव्याने शिकवावे लागतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उठण्याची वेळ पक्की करा, उठल्यावर त्यांना उजेडात बाहेर पाठवा.

आणि कान. ताई, ते पाच जिन्नस तुम्ही त्यांना कुठून सांगितले होते? स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना? मग कदाचित त्यांनी तीनच ऐकले असतील आणि तीनच आणले असतील! न ऐकलेली गोष्ट कोणी विसरू शकत नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, आवरता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा हिशेब आहे. त्या १४ मध्ये ऐकू कमी येणं अगदी वरच्या फळीत आहे. ऐकू कमी आलं की माणूस बोलणं टाळतो, चारचौघांत बसणं टाळतो, आणि उरलेलं डोकं ऐकलेल्याचा अंदाज बांधण्यात खर्ची पडतं. कानाची तपासणी करून घ्या. मशीन लागलं तर लाज नको, चष्म्याची वाटते का?

आता दूध. माझ्या मते ती उदासी आहे. निवृत्तीनंतरची उदासी पुरुषांमध्ये रडून दिसत नाही. ती अशी दिसते. बसून राहणं, ट्रंक काढून तशीच ठेवणं, कशातच हात न घालणं. त्यात लक्ष लागत नाही, आणि लक्ष नसलं तर गोष्ट डोक्यात शिरतच नाही, मग ती आठवणार कुठून. घरच्यांना वाटतं, विसरभोळे झाले. डॉक्टरांना हेही सांगा. आधी नुसतं कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारची ‘टेली-मानस’ ही फुकट सेवा आहे, नंबर १४४१६. तुम्हीसुद्धा लावू शकता.

एका गोष्टीत मात्र तुमचा दिलासा मला काढून घ्यावा लागतोय. जुन्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. डिमेन्शियातसुद्धा जुनं बराच काळ टिकतं, नवं चिकटत नाही. आपल्या देशात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लाख माणसं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं. वय चढतं तसं ते चढतं, साठीच्या उंबरठ्यावर बरंच कमी असतं. तरी पाहत राहा. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागले, सुट्टे पैसे मोजताना गोंधळले, स्वभावच पालटला, किंवा आपण विसरतो आहोत हेच त्यांना कळेनासं झालं, तर थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे.

हे सगळं झालं की मग तुमचा पहिला प्रश्न.

निवृत्तीने डोकं मंदावतं का? मंदावू शकतं. पण सगळ्यांचं नाही, आणि डोक्यातलं सगळंच नाही. २०१० मध्ये सुझान रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातल्या अनेक देशांतली माहिती एकत्र मांडली. चाचणी साधी होती. दहा शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे लगेच म्हणायला लावायचे, मग थोडा वेळ दुसरंच काही विचारून पुन्हा म्हणायला लावायचे. एकूण २० गुण. ज्या देशांत लोक लवकर घरी बसतात, तिथे साठीतल्यांचे गुण पन्नाशीतल्यांपेक्षा जास्त घसरलेले निघाले.

यावर कोणीही विचारेल, आणि विचारलंच पाहिजे, की निवृत्तीने डोकं मंदावलं की डोकं मंदावलं म्हणून निवृत्ती घेतली? ज्याला काम झेपेनासं होतं तो लवकर बाहेर पडणारच. ही गाठ सोडवायला संशोधकांनी पेन्शनच्या वयाचा आधार घेतला. अमुक वर्षी पेन्शन सुरू होते हे सरकार ठरवतं, तुमच्या डोक्याची अवस्था बघून ठरवत नाही. त्यामुळे त्या वयापाशी होणारा बदल निवृत्तीच्या खात्यावर बऱ्यापैकी भरवशाने टाकता येतो. तसा हिशेब करूनही घसरण उरली. तुमचे यजमानही काही मनाने घरी बसलेले नाहीत, रेल्वेच्या नियमाने बसले. तेव्हा हा हिशेब त्यांनाही लागू पडतो.

लंडनच्या सरकारी नोकरांवर ‘व्हाइटहॉल’ नावाचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या ३,४३३ जणांची निवृत्तीआधीची आणि नंतरची वर्षं तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष आला की ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याची शक्ती निवृत्तीनंतर ३८ टक्के अधिक वेगाने उतरते. हा आकडा ऐकून पोटात गोळा येऊ देऊ नका. ३८ टक्के स्मरणशक्ती गेली असा त्याचा अर्थ नाही. उतार आधीपासून असतोच, तो थोडा कडक होतो. तर्क लावणं, शब्द सुचणं यांवर निवृत्तीचा असा परिणाम दिसला नाही. पण त्यातलीच दुसरी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. वरच्या हुद्द्यावरच्या लोकांची स्मरणशक्ती नोकरीत असेपर्यंत इतरांपेक्षा हळू उतरत होती. निवृत्त झाले आणि हा फायदा संपला. म्हणजे डोकं त्यांचं होतं, पण त्याला टेकू कामाचा होता.

तुमच्या यजमानांचा टेकू केवढा मोठा होता, ते बघा. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील कंट्रोलमध्ये होते. पाळी संपवून जेवायला बसले की ताटाशेजारी, फरशीवर, बोटाने तिरक्या रेघा ओढायचे. आम्हाला गंमत वाटायची. मोठेपणी कळलं की तो चार्ट होता. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. तेव्हा पेन्सिलने ओढायचे, आता कॉम्प्युटरवर उमटते. मागून मेल येते आहे, पुढे मालगाडी रेंगाळते आहे, तिला कुठल्या स्टेशनात लूपमध्ये घ्यायची? सिंगल लाइनवर कोणाला थांबवायचं, कोणाला सोडायचं? प्रत्येक स्टेशन मास्तरचा फोन येतो आणि तो नाव घेत नाही, म्हणतो, ‘कंट्रोल, काय करू?’ पाळीचे सहा तास, दर दोन-चार मिनिटांनी कोणीतरी तुमच्या डोक्याकडे उत्तर मागतं. चुकलं तर मागे दहा गाड्या अडकतात. २१ वर्षं हे चाललं.

आणि १ जूनला फोन थांबला.

तुम्ही लिहिलंत, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देते. त्यामागची माया मला कळते, ताई. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला तुम्ही ३४ वर्षं सांभाळलंत, ते हात असे एका दिवसात थांबत नाहीत. पण आज त्या घरात त्यांच्या डोक्याकडे कोणी काही मागत नाही. वीजबिल बहुधा तुम्ही भरता, भाजी तुम्ही ठरवता, महापालिकेचा वेरा (घरपट्टी) मुलगा पुण्याहून मोबाइलवर भरतो, गॅसचा नंबर तुम्ही लावता. त्यांच्या वाट्याला उरतं ते निरोप पोचवणं. ‘पाच जिन्नस आणा’ हा निरोप झाला. निरोप कोणीही विसरतो.

निरोपाऐवजी त्यांना अख्खं खातं द्या. या महिन्यापासून भाजी-फळं त्यांची. फ्रिजमध्ये काय आहे, काय संपत आलंय, कशाचा भाव काय, शुगरवाल्या माणसाला काय चालतं, किती पैसे गेले, सगळं त्यांनी बघायचं. तुम्ही यादी द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा मेथी येईल. तीनदा मेथी करा. कोथिंबीर राहील, तर त्या दिवशी आमटी कोथिंबिरीशिवाय होईल. तुम्ही धावत जाऊन आणलीत की संपलं, खातं पुन्हा तुमच्याकडे. हे तुम्हाला जड जाईल, त्यांच्यापेक्षा तुम्हालाच जास्त. ज्या बायकांनी जन्मभर घर एकहाती ओढलं त्यांना एक कप्पा सोडून देताना काय होतं, हे मी माझ्या आईत पाहिलं आहे. अण्णांनी आणलेला दुधी ती पुन्हा एकदा नखाने दाबून बघायची. तेवढं केलंत तरी चालेल, पण ते पाहत नसताना करा.

भाजीचं रुळलं की बिलं द्या. मग मुलगा दिवाळीला येईल तेव्हा चार दिवसांचा सगळा बेत, तिकिटांपासून चांदोदच्या फेरीपर्यंत, त्यांच्याकडे सोपवा. गाड्यांची आखणी त्यांच्याइतकी कोण करणार.

आता भाऊ आणि मुलगा. भावाचं म्हणणं चुकीचं नाही. फ्रान्समध्ये स्वतःचा धंदा करून निवृत्त झालेल्या सुमारे ४ लाख २९ हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात एकेक वर्ष उशिरा थांबणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका साधारण ३ टक्क्यांनी कमी दिसला. पण काम कुठलं, याला महत्त्व आहे. २०१२ च्या एका अमेरिकन माहितीवरच्या अभ्यासात कचेरीतल्या लोकांवर निवृत्तीचा वाईट परिणाम सापडला नाही, आणि अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांची डोकी तर निवृत्तीनंतर थोडी सुधारल्याची चिन्हं दिसली. गेटवर बसून ट्रकचे नंबर उतरवणं, त्यातही रात्रीची पाळी पडली तर, मी सरळ नको म्हणेन. त्या रजिस्टरला कंट्रोलरचं डोकं लागत नाही, आणि ज्याने राजधानीला रस्ता करून दिला त्याला ते दोन दिवसांत टोचेल. मात्र त्याच कारखान्यात डिस्पॅचला, कुठला ट्रक कधी भरायचा आणि कुठे पाठवायचा हे ठरवायला माणूस हवा असेल, दिवसाचे चार तास, तर भावाला म्हणा, जरूर विचार. आणि यजमानांना विचारून. त्यांच्यासाठी परस्पर काही लावून देऊ नका.

मुलाला चीनमधली गोष्ट सांगा. तिथे २००९ पासून खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झाली. संशोधकांनी नंतर पाहिलं, तर माणसं थोडी सुखात होती, दारूही कमी झाली होती, पण थोड्या वेळाने शब्द आठवून सांगण्याच्या चाचणीत ती मागे पडत होती. लोकांत मिसळणं कमी झालं होतं. पोराला बापाच्या रात्रपाळ्या आठवतात, हे त्याचं मोठेपण आहे. त्याला म्हणा, आराम शरीराला दे, डोक्याला फोन कर. ‘बाबा, जेवलात का’ एवढंच विचारून ठेवू नकोस. घर घ्यायचं असेल, गाडी बदलायची असेल, तर त्यांना खरोखर विचार, आणि त्यांनी सांगितलेलं एखाद वेळी कर.

भाषेचंही सांगते, कारण आपण बडोद्याची मराठी माणसं यात नशीबवान आहोत. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. शाळेत न गेलेल्यांमध्येसुद्धा फरक दिसला. तुमचे यजमान पाळीवर गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि घरी मराठी, अशी दिवसभर भाषांची लाइन बदलत होते. आता एकच भाषा उरली, तीही टीव्हीची. टीव्हीबद्दल तक्रार घेऊन आलेल्या त्या बेनना चहाला बोलवा. त्यांच्या घरची मंडळी संध्याकाळी ओटल्यावर बसत असतील, तिथे यांना बसू द्या. सकाळी कमाटीबागेत चालायला जावं हे वेगळं सांगायला नको, शुगरसाठी ते हवंच आहे आणि मेंदूसाठीही. पण एकट्याने कानात वायर घालून नव्हे, तिथल्या गप्पांच्या टोळक्याबरोबर.

सुडोकू वगैरे करायचं तर करू देत. सुडोकू करणारा सुडोकूत तरबेज होतो, त्याने बाजारातली कोथिंबीर आठवेल याची खात्री मी देणार नाही. त्यापेक्षा टेक्सासमध्ये डेनिस पार्क यांनी केलेला प्रयोग मला पटतो. साठीपुढच्या माणसांना तीन महिने, आठवड्याला पंधराएक तास, काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना आपल्या गोधडीसारखं तुकडे जोडून पांघरूण शिवायला शिकवलं. काहींना नुसतं एकत्र जमवून गप्पा, सहली, खेळ. जे नवं आणि अवघड शिकले त्यांची स्मरणशक्ती सुधारली. नुसत्या गप्पावाल्यांची तितकी नाही.

आणि अवघड, नवं असं काही तुमच्या दिवाणाखालीच पडलं आहे. ती ट्रंक त्यांनी खाली काढली, म्हणजे इच्छा कुठेतरी होती. आतले कागद वाचता येईनात म्हणून परत सारली असेल. मोडी शिकता येते, ताई, माझ्या ओळखीची सत्तरी ओलांडलेली माणसं शिकली आहेत. आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग खाली हात न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांमध्ये जागाही धड नाही, सगळं अंदाजाने आणि संदर्भाने सोडवायचं. पेन्सिलीने रेघा ओढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे जमेल, असं माझं मन सांगतं. गायकवाडीत त्यांच्या खापरपणजोबांचं काय होतं, वतन होतं की कर्ज होतं, हे त्या घरात आज कोणालाच माहीत नाही. ते शोधून सांगायचं काम त्यांचं. मुलाला म्हणावं, दर रविवारी फोनवर विचार, ‘बाबा, कुठवर आलं?’

महिनाभराने तपासण्यांचे रिपोर्ट काय आले ते मला कळवा. बी-१२ आणि थायरॉइडचे आकडे नेमके लिहा.

तुम्ही त्यांना न सांगता लिहिलंत. मी म्हणते, हे त्यांच्या हातात द्या. वाचून दाखवू नका, त्यांनाच वाचू द्या. आपण दोघी त्यांच्याबद्दल त्यांच्या माघारी इतकं बोललो याची माझ्या वतीने माफी मागा. पुढचं मी त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

साहेब, नमस्कार. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. मी त्या रात्री वाघोडिया रोडला बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर अडकले होते. खाली रस्ता दिसत नव्हता, आणि रेल्वे बंद झाल्याचं सारखं कानावर येत होतं. इतक्या गाड्या एकाच वेळी थांबल्या असताना कोणती कुठे उभी करायची, कोणाच्या प्रवाशांना पाणी मिळेल, कोणाला मागे न्यायचं, हे कंट्रोलच्या खोलीत कसं ठरतं, ते मला तेव्हापासून जाणून घ्यायचं आहे. पुस्तकात मिळालं नाही. एक मोठा कागद घ्या आणि त्या रात्रीसारख्या रात्रीचा चार्ट मला काढून पाठवा. जमल्यास पेन्सिलीने. स्टेशनांची नावं गाळू नका, कुठे किती लूप आहेत तेही लिहा, मला त्यातलं काही माहीत नाही.